बाबांच्या वर्षश्राद्धाला लिहायचंय, टर्नर लोकांनी वही वाचायला मदत करा

निफाडची_लेक

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक प्रश्न आहे, सांभाळून घ्या.

पुढच्या महिन्यात बाबांचं वर्षश्राद्ध. घरच्यांनी ठरवलंय की चार पानांची छोटीशी पुस्तिका छापायची, नातेवाइकांना आणि बाबांच्या कामावरच्या लोकांना द्यायला, आणि मजकूर लिहायचं माझ्यावर आलंय कारण म्हणे तू शाळेत मराठी शिकवतेस. नमुन्यासाठी पेपरातली पुण्यस्मरणं काढून बसले तर सगळीकडे तेच, प्रेमळ, कष्टाळू, मनमिळाऊ, हसतमुख. आता आमचे बाबा मनमिळाऊ नव्हते हो. लग्नाकार्यात कोपऱ्यात खुर्ची धरून बसायचे आणि जेवण झालं की आईला डोळ्याने खूण करायचे, निघूया. हसतमुख तर अजिबातच नाही. त्यामुळे ते शब्द वापरले तर नातेवाईकच हसतील.

थोडक्यात सांगते. मूळचे निफाड तालुक्यातले, भावांत तिसरे, शेती वाट्याला फारशी येणार नाही हे दिसत होतं म्हणून आजोबांनी सातपूरच्या आयटीआयला घातलं. टर्नर ट्रेड, म्हणजे लेथवर (धातूचा तुकडा गोल फिरवत कापून आकार देणारी मशीन) करायचं काम, दोन वर्षं. मग अप्रेंटिसशिप, मग सातपूर आणि अंबडच्या शेड, एक बंद पडली की दुसरी. मोठ्या कंपनीत पर्मनंट कधी झाले नाहीत, ते एक आईच्या मनात राहिलं, बाबांच्या मनात होतं की नाही कळायचं नाही. शेवटची काही वर्षं अंबडला भाड्याच्या गाळ्यात स्वतःचा एक जुना लेथ टाकला होता. आम्ही सिडकोत, उत्तमनगरला.

आईला २००८ च्या सुमारास आमवात सुरू झाला, हातांची बोटं हळूहळू वाकडी होत गेली. तेव्हापासून सकाळची कणीक बाबा मळायचे. भाजी पण चिरून ठेवायचे, सगळे तुकडे एकसारखे, बटाटा असला तर बघायलाच नको. आणि आईची वेणी घालून द्यायचे. हे दार लावून चालायचं बरं का, कोणाला दिसता कामा नये. दादाच्या लग्नात आईने अंबाडा कोणी घातला विचारल्यावर मावशीचं नाव सांगितलं होतं, घातला बाबांनीच होता.

मला या गोष्टी लिहिता येतील. पण माणूस दिवसाचे दहा-दहा तास जिथे असायचा तिथलं मला काहीच माहीत नाही. घरी येताना चपलेच्या तळव्यात लोखंडाचे कपचे रुतलेले असायचे, आई दारातच जुन्या स्पीकरचं लोहचुंबक फिरवायची, एवढाच माझा कारखान्याशी संबंध.

त्यांच्या पेटीत एक वही सापडली आहे, रेक्झिनचं कव्हर, तेलाने पानं पारदर्शक झालीत. ती वाचायला मदत हवीय. काही पानांवर असं आहे:

१.५ – ३०/१२७, खाली २ – ४०/१२७, खाली २.५ – ५०/१२७. आणि १२७ ला गोल केलाय, एकदा नाही, ठिकठिकाणी. आई म्हणते शुगर असेल. बाबांना शुगर होती पण हे पान तर ती निघायच्या फार आधीचं आहे.

एका पानावर फक्त "मोर्स ३ – १°२६', डायल लावून" एवढंच.

एका ठिकाणी लाल पेनाने "नट सोडू नये" आणि खाली दोन रेघा. दादा म्हणतो हा बाबांचा जीवनमंत्र आहे, मुखपृष्ठावर छापायचा. मला शंका आहे.

आणि मागच्या बाजूने वही उलटी करून लिहिलंय ते मला सगळ्यात जास्त छळतंय. प्रत्येक नोंदीपुढे "घर" लिहिलंय:
घर – मूठ ३२ – ॲल्यु. (हे खोडलंय, बाजूला "थंड" लिहिलंय) – २००९
घर – मूठ ३२ – डेलरिन – २००९
घर – मूठ ३५, नर्लिंग नको – २०१२
घर – मूठ ३८ – २०१६
घर – नळ दांडा १५० लांब – २०१६
घर – मूठ ४२ – २०१९

कोणी जाणकार आहे का इथे? आणि कामाबद्दल असं काही पुस्तिकेत लिहावं का तेही सांगा.

अनामिक_पंचवटी

भावपूर्ण श्रद्धांजली. वाचून माझे वडील आठवले. मदत नाही करू शकत पण धागा वर आणतोय.

जुना_टर्नर

बाळा, मी पस्तीसेक वर्षं लेथवर काढली, आधी ओझरला, नंतर सातपूरला. तुझ्या वडलांची वही मला एवढ्यावरूनच वाचता येते. सावकाश सांगतो, टायपिंगला मी स्लो आहे.

१२७ म्हणजे शुगर नाही. ते दातांचं चाक आहे, गिअर. आता बघ, लेथवर आटे पाडायचे असतात, म्हणजे बोल्टला असतात ते. त्यासाठी चकात, म्हणजे फिरत्या पकडीत, धरलेला जॉब (कापायचा तुकडा) एक फेरा फिरेल तेवढ्यात टूल किती पुढे सरकायचं हे ठरवावं लागतं. टूल सरकवतो तो लांब आट्यांचा दांडा म्हणजे लीडस्क्रू, आणि जॉब आणि लीडस्क्रू यांच्यामध्ये चाकं बदलून बदलून हा हिशोब जुळवायचा. जुन्या मशिनींचा लीडस्क्रू इंचात असायचा, एका इंचात चार आटे. आणि गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग येतं मिलिमीटरमध्ये. एक इंच म्हणजे २५.४ मिमी, त्याला पाचने गुण, १२७ येतात. १२७ ला कशानेच भाग जात नाही, मूळ संख्या आहे, म्हणून त्याच दातांचं चाक लागतं, दुसऱ्या कोणत्या चाकाने बरोब्बर जमतच नाही. तर १.५ पिचचा, म्हणजे दोन आट्यांत दीड मिमी अंतर असलेला, आटा पाडायचा तर स्पिंडलकडे (जॉब फिरवणाऱ्या बाजूला) ३० दातांचं चाक आणि लीडस्क्रूकडे १२७ चं. २ चा पाडायचा तर ४०. अडीचचा तर ५०. पिचला वीसने गुणलं की वरचं चाक मिळतं. हे त्याने पाठ न करता स्वतः काढलेलं दिसतंय, कारण पाठ करणारा माणूस तक्ता उतरवतो, हा फक्त तीन ओळी लिहून थांबलाय, पुढचं त्याला कळलं होतं.

आता "नट सोडू नये". तुझ्या दादाला सांग, छान आहे पण जीवनमंत्र वगैरे नाही. आटे एका कटात होत नाहीत. थोडं थोडं खोल जात सात-आठ-दहा कट घ्यावे लागतात आणि प्रत्येक वेळी टूल त्याच चरीत पडायला हवं. साधारणपणे एक कट झाला की हाफ नट (टूलला लीडस्क्रूशी जोडणारा) सोडायचा, कॅरेज, म्हणजे टूल धरणारा सरकता भाग, हाताने मागे आणायचं, डायल बघून परत नट लावायचा. वेळ वाचतो. पण इंची लीडस्क्रूवर मिलिमीटरचे आटे पाडताना ते चालत नाही, नट सोडलास की टूल परत त्याच जागी येईल याची खात्री नाही, बाजूला पडलं की जॉब भंगारात. मग काय करायचं, टूल बाहेर घ्यायचं, अख्खी मशीन उलटी फिरवायची, नट तसाच ठेवून मागे यायचं, टूल आत, परत कट. प्रत्येक वेळी. पीसरेटवर, म्हणजे नगावर पैसे घेऊन, काम करणाऱ्याला हे फार जिवावर येतं. त्याने लाल पेनाने लिहिलंय म्हणजे कधीतरी मोह झाला असणार, नाहीतर हाताखालच्या पोरासाठी लिहून ठेवलं असेल.

मोर्स ३ बद्दल. ड्रिलची स्लीव्ह, टेलस्टॉकचा (जॉबला दुसऱ्या टोकाने आधार देणारा भाग) सेंटर, यांना एक ठरलेला बारीक उतार असतो, त्याला मोर्स टेपर म्हणतात, नंबर ३ चा कोन अर्ध्यात १ अंश २६ मिनिटं. लेथच्या कंपाउंड स्लाइडवर, म्हणजे टूल तिरकं सरकवायच्या भागावर, खुणा नुसत्या अंशांच्या. २६ मिनिटं कुठून बघणार डोळ्याने? म्हणून तयार चांगला टेपर मशीनवर धरायचा, त्यावर डायल गेज लावून स्लाइड सरकवत राहायची, सुई हलायची थांबली की कोन जुळला. "डायल लावून" म्हणजे ते. डोळ्याने लावणारे पण असतात, त्यांची स्लीव्ह मशीनमध्ये गरगर फिरते.

मागची पानं बघायला जरा वेळ दे. ते कारखान्याचं काम नाही वाटत.

अजून एक विचारतो. तुझे वडील हातात अंगठी घालायचे का?

निफाडची_लेक

काका, मला काय लिहावं सुचत नाहीये. खूप खूप आभार. दादाला फोन करून सांगितलं, तो आधी नाराज झाला मग हसत सुटला.

अंगठीचं तुम्हाला कसं कळलं?? लग्नात आजोळकडून आलेली अंगठी बाबांनी कधीच घातली नाही. मामा लोक अजून बोलतात, जावयाला आमची अंगठी चालली नाही म्हणून. आईसुद्धा भांडण झालं की काढायची तो विषय. बाबा काही बोलायचेच नाहीत त्यावर.

जुना_टर्नर

कळलं कसलं, आम्ही कोणीच घालत नाही. अंगठी, कडं, लांब बाही, हातमोजा, यातलं काहीही फिरत्या चकात अडकलं की बोट जातं, कधी हातच. लेथवर हातमोजा घालत नाहीत हे बाहेरच्यांना उलटं वाटतं पण तसंच आहे. आयटीआयला पहिल्या दिवशी सर हातांकडे बघायचे. मामांना सांग, अंगठी घातली असती तर कणीक मळायला बोटं शाबूत राहिली असती का.

गिअरबॉक्स

काकांनी मस्त सांगितलंय, पण एक दुरुस्ती, "दुसऱ्या कोणत्या चाकाने जमतच नाही" हे तितकंसं खरं नाही. छोट्या शेडमध्ये १२७ चं चाक असतं कुठे? मोठं असतं, महाग असतं, आणि जुन्या मशीनसोबत आलेला चाकांचा सेट निम्मा हरवलेला असतो. लोक ६३ चं चाक वापरतात ८० सोबत. ८० भागिले ६३ म्हणजे १.२६९८, आपल्याला हवेत १.२७ (१२७ भागिले १००). शंभर मिलिमीटर लांबीच्या आट्यात चूक येते साडेबारा मायक्रॉन. साध्या बोल्टला कोणाला कळणार पण नाही.

जुना_टर्नर

बोल्टला नाही कळणार, मान्य. मी "बरोब्बर" म्हटलं होतं, नीट वाचा. लांब स्क्रू असला, मशीनचा वगैरे, तर चूक साचत जाते. आणि मुलीने लिहिलंय की १२७ ला जागोजागी गोल केलाय. माझा अंदाज असा की त्याच्याकडे ते चाक नव्हतं आणि ६३ वर भागवणं त्याला पटत नव्हतं. बाळा, वहीत कुठे चाक घेतल्याचं आहे का बघ.

निफाडची_लेक

अहो काका आहे! आत्ता परत पानं चाळली. "१२७ मिळाले. लिंक रोड. दोन दात खराब, भरून घेतले." तारीख नाहीये पण आजूबाजूच्या नोंदी २०११ च्या आहेत. आणि त्या पानानंतर १२७ ला गोल कुठेच नाही. लिंक रोड म्हणजे अंबड लिंक रोडचा भंगार बाजारच ना?

आईला विचारलं तर तिला आठवलं, एकदा बाबा रविवारी सकाळी गेले ते दुपारी उशिरा आले, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी जड घेऊन, आणि त्या दिवशी स्वतःहून म्हणाले चल मिसळ खायला जाऊ. आई म्हणते मला वाटलं बोनस मिळाला.

गिअरबॉक्स

हो तोच. महापालिकेने २०१७ ला उठवला तो बाजार. आमच्यासारख्यांची फार सोय होती हो तिथे, बंद पडलेल्या कारखान्यांची मशिनरी, चक, गिअर, बेअरिंग, वजनावर मिळायचं. शोधणाऱ्याला डोळा हवा. दोन दात भरून घेतले म्हणजे वेल्डिंगने मटेरियल चढवून परत दात कापले, तेपण सोपं नाही. मी माझे शब्द मागे घेतो काका, हा माणूस ६३ वाला नव्हता.

सिडकोकर

विषयांतर करतोय पण महत्त्वाचं आहे म्हणून. बाबांचा पीएफ कापला जायचा का शेडमध्ये? ईपीएस (पीएफची पेन्शन योजना) पेन्शन चालू असेल तर आईच्या नावाने विधवा पेन्शन लावून घ्या, फॉर्म १०-डी, मृत्यूचा दाखला, बँक पासबुक. रक्कम फार नसते, किमान हजार रुपये आहे २०१४ पासून, पण सोडू नका. आणि दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, बोटांचे ठसे उमटत नसतील आईंचे तर चेहऱ्यावरून पण करता येतो मोबाइलवर.

मूळ प्रश्नाबद्दल, माझं मत थोडं वेगळं आहे. वर्षश्राद्धाच्या पुस्तिकेत गिअरचे दात वगैरे कोण वाचणार? काका-मावश्या चाळून ठेवून देतील. वेणीचं लिहा, कणकेचं लिहा. लोकांना ते भावतं.

निफाडची_लेक

पेन्शनचं झालंय, दादाने केलं. ठसे खरंच उमटत नाहीत, ते चेहऱ्याचं माहीत नव्हतं, धन्यवाद.

वेणीचं लिहिणार आहेच, आईने परवानगी दिली तर. पण त्यांच्या कामावरची माणसं पण येणार आहेत ना, जेवायला बसतील तेव्हा हातात पुस्तिका असेल. त्यांना काय फक्त "कष्टाळू" वाचायला द्यायचं?

थेरपिस्ट_नाशिकरोड

मी रोज वाचते इथे, लिहीत कधीच नाही, आज राहवलं नाही. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, हातांचे पेशंट बघते, त्यात आमवाताच्या बायका खूप.

तुझ्या वहीची मागची पानं मी वाचू शकते असं वाटतंय.

आमवातात बोटांचे लहान सांधे सुजतात, सकाळी उठल्यावर तास-तासभर हात आखडलेले असतात, मूठ पूर्ण वळत नाही. मूठ वळत नाही म्हणजे बारीक दांडी धरताच येत नाही, लाटणं, चमचा, झारा, सुरी, सगळं निसटतं. म्हणून आम्ही सांगतो की दांडीला जाड मूठ बसवा. जाडी किती हे ज्याच्या त्याच्या हातावर. आजार वाढला की मूठ अजून कमी वळते, मग अजून जाड लागते. ३२, ३५, ३८, ४२. मिलिमीटर असणार हे. प्रत्येक वेळी त्यांनी आईंचा हात बघून नवीन केलंय. आमच्याकडे विकतच्या जाड मुठी फोमच्या येतात, चार महिन्यांत फाटतात, तेलकट होतात, आणि पुढच्या साइझसाठी परत पैसे.

"थंड" लिहून खोडलंय ते पण कळलं. ॲल्युमिनियम निफाड-नाशिकच्या डिसेंबरच्या सकाळी बर्फ असतं, दुखऱ्या सांध्यांना धरवत नाही. डेलरिन प्लॅस्टिक असतं ना? गार लागत नाही. आणि नळाचा १५० लांब दांडा म्हणजे मनगट न पिळता तळहाताच्या कडेने ढकलून नळ उघडता येतो. हे मी पेशंटना चित्र काढून दाखवते, कोणी करून घेत नाही.

तुमच्या बाबांना हे कोणी सांगितलं होतं का? कुठे दाखवत होतात आईंना?

जुना_टर्नर

ताईंनी माझं काम केलं. मी पण तिथेच अडलो होतो, मूठ कसली ते कळत नव्हतं. डेलरिन बरोबर, पांढरा किंवा काळा रॉड येतो, लेथवर लोण्यासारखा कापला जातो, पाण्याने फुगत नाही.

"नर्लिंग नको" बद्दल मी सांगतो. नर्लिंग म्हणजे मुठीवर काढलेली बारीक चौकट-चौकट जाळी, पकड यावी म्हणून. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीवर, मायक्रोमीटरच्या फिरवायच्या भागावर असते. कोणताही टर्नर मूठ म्हटली की आधी नर्लिंग करणार, हात आपोआप तिकडे जातो, आणि दिसतं पण छान. याने केलं असणार, घरी टोचलं असणार, म्हणून पुढच्या वेळी आधीच लिहून ठेवलं.

निफाडची_लेक

मला आत्ता स्वयंपाकघरात जाऊन सगळं काढून बघावं लागलं. रडायला पण येतंय आणि पट्टी घेऊन मोजत पण होते, दादा म्हणाला व्हर्नियर आहे ना पेटीत, मग त्याने मोजलं. लाटण्याची मूठ ४२. झाऱ्याची ३८. दुधाच्या पातेल्याच्या सांडशीला दोन्ही बाजूंनी ३८. सुरीची ३५ आहे, ती आता आई वापरत नाही, मी वापरते, मला वाटायचं अशीच जाड येते. माळ्यावरच्या डब्यात ३२ च्या दोन सापडल्या, आणि एक ॲल्युमिनियमची जाळी-जाळीवाली, काका म्हणाले तशी.

ताई, कोणी सांगितलं नव्हतं हो. आईला विचारलं. म्हणाली मी कधी मागितलं नाही, त्यांनी पण कधी विचारलं नाही. मी लाटणं दोन हातांनी दाबून धरायला लागले की बघत असायचे, पेपर वाचल्यासारखं करत. मग दोन-चार दिवसांनी संध्याकाळी डब्याच्या पिशवीतून काढून ओट्यावर ठेवायचे. एकदा तिने चिडून विचारलं होतं की पुन्हा कशाला नवीन, आधीचं चांगलं आहे की, तर म्हणाले रॉडचा तुकडा उरला होता.

२०१९ ला तिचे डोस बदलले होते, हात फार सुजायचे. फाइल काढून बघितली. नोंद त्याच वर्षीची आहे.

गिअरबॉक्स

४२ चा रॉड तुकड्यात उरत नाही ताई. बाजारात ४५ किंवा ५० चा घ्यावा लागतो आणि कापून आणावा लागतो. एवढंच सांगतो.

सिडकोकर

मी वर जे लिहिलं की कामाचं कोण वाचणार, ते विसरा. मुठींचं पान छापाच, आकड्यांसकट.

निफाडची_लेक

मंडळी, काल रात्री बसून पहिला खर्डा केलाय. मधलाच भाग टाकते, बाकी घरगुती आहे. चुका काढा.

"बाबा सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांमध्ये लेथ मशीन चालवायचे. इंचाच्या जुन्या मशीनवर मिलिमीटरचे आटे पाडायचे तर १२७ दातांचं चाक लागतं. ते त्यांच्याकडे नव्हतं. जवळपास चालेल असं दुसरं चाक होतं, ते त्यांनी लावलं नाही, लिंक रोडच्या भंगार बाजारात हवं ते मिळेपर्यंत शोधलं. त्या दिवशी आईला मिसळ मिळाली, कारण तिला आत्ता कळलं. आजोळची अंगठी त्यांनी घातली नाही कारण लेथवर अंगठी घालत नाहीत, मामांनी राग सोडावा. आईचे हात दुखायला लागल्यावर त्यांनी घरातल्या प्रत्येक दांडीला मूठ केली, आधी ३२ ची, मग ३५, मग ३८, मग ४२. मुठी करताना आईचं माप त्यांनी कधी हातात हात घेऊन घेतलं नाही, बघून घेतलं. वहीत या कामाच्या गिऱ्हाइकाचं नाव 'घर' असं आहे आणि पैशांचा रकाना रिकामा आहे."

वेणीला आईने परवानगी दिली नाही. म्हणाली मुठींचं सांगितलंस तेवढं पुरे, आता लोक मला विचारत बसतील. कणकेचं चालेल म्हणाली.

थेरपिस्ट_नाशिकरोड

वेणीचं नको मग, बरोबर आहे त्यांचं. एक विनंती, त्या मुठींचे फोटो आणि मापं मला पाठवशील का? इथल्या पेशंटना दाखवायचंय, एखाद्या लेथवाल्याकडून करून घेता येतील. जुना_टर्नर काका, तुम्ही कराल का?

जुना_टर्नर

माझा लेथ विकला ताई, पण भाच्याचा गाळा आहे अंबडला, त्याच्याकडून करून देतो, रॉडचे पैसे द्या फक्त. मापाला पेशंटला घेऊन या, नुसता आकडा सांगू नका.

बाळा, खर्डा चांगला आहे. दोनच गोष्टी. "लेथ मशीन चालवायचे" असं नको लिहूस. मशीन चालवतो तो ऑपरेटर, आता सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या मशीनवर, बटण दाबतात ते. तुझे वडील टर्नर होते, तसंच लिही, जेवायला बसलेल्यांपैकी ज्यांना कळायचं त्यांना कळेल. आणि "जवळपास चालेल असं दुसरं चाक होतं" हे तुला वहीत दिसलंय का, की गिअरबॉक्सने सांगितलं म्हणून लिहिलंस? त्याच्याकडे ६३ चं चाक होतं असं कुठे आलेलं नाही. नक्की नसेल तर काढून टाक.

पेटीतला मायक्रोमीटर पूर्ण बंद करून ठेवलेला असेल तर थोडा उघडून ठेव, तोंडाला तोंड लावून ठेवलं की गंजतो. पातळ तेलाचा हात फिरव. आणि ते १२७ चं चाक लेथसोबत विकलं गेलं नसेल तर भंगारवाल्याला देऊ नका, भाचा घेईल.

निफाडची_लेक

दोन्ही बदल केले काका. ६३ चं वहीत कुठेच नाही, ते वाक्य काढलं.

चाक पेटीतच होतं, तळाला, पेपरात गुंडाळलेलं. लेथ विकताना त्यांनी ते मशीनवरून काढून ठेवलं होतं वाटतं. भाच्याला द्यायचं की नाही ते दादाला विचारून सांगते, त्याला आता ते मुखपृष्ठावर हवंय.